पात्रता

आपल्या मराठी भाषेतले काही शब्द बहुरूप्यासारखे असतात. या दारी एक सोंग, त्या दारी दुसरे. ‘पात्र’ हा शब्द त्यांतलाच. देवघरात गंधफुलांशेजारी ठेवलेले असते तेही पात्र, नांदेडला पावसाळ्यात दुथडी भरून वाहते तेही गोदावरीचे पात्र, आणि माझ्यासारखा एखादा मास्तर रात्री घरातली माणसे झोपल्यावर कागदावर जी माणसे उभी करतो तीही पात्रेच. परंतु गेली काही वर्षे या शब्दाच्या चौथ्याच सोंगाने मला नादी लावले आहे. कॉलेजच्या मुलींच्या सामन्यांआधी खेळाडूंची एक यादी तपासली जाते. तिच्यात नावापुढे एकच शब्द पडतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. तीनशे पानांच्या कादंबरीत जे नाट्य मला साधत नाही, ते कधी कधी त्या बोटभर रुंदीच्या रकान्यात होऊन जाते.

नाद कुणाला नसतो? आमच्या शाळेतले गणिताचे सर क्रिकेटच्या धावा तोंडपाठ सांगतात. आमचे शेजारी भजनी मंडळाबरोबर गावोगाव हिंडतात. माझा नाद मात्र चारचौघांत सांगण्याची पंचाईत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या मुली बास्केटबॉल खेळतात, त्यांचे सामने मी हंगामभर पाहतो आणि वहीत टिपून ठेवतो. पाहुणे विचारतात, “तुमची मुलगी खेळते वाटतं?” नाही. “मग पुतणी?” तीही नाही. एकदा एका पाहुण्याला आमच्या घरातून परस्पर उत्तर मिळाले, “ते रविवारी घरी नसतात हो. त्यांचं कोर्टाचं काम असतं.” त्या गृहस्थाने सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारले, “बांधाचा वाद आहे की वाटणीचा?”

कॉलेजशी माझा एरवी काही संबंध नाही. मी मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेऊन लोह्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. कॉलेज मी पाहिले ते कुंपणाबाहेरून. आमच्या शाळेला कुणा देणगीदाराने लोखंडी खांब आणि दोन रिंगा दिल्या, तेव्हा मैदान आखायचे काम साहजिकच चित्रकलेच्या मास्तराकडे आले. पुस्तकात पाहून २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद असा आयत आखला. मधोमध वर्तुळ काढले. रिंगेखाली खुंटी ठोकून ६.७५ मीटर सुतळीने तो मोठा कंस ओढला, ज्याच्या बाहेरून चेंडू टाकला तर दोनाऐवजी तीन गुण मिळतात. जन्मात इतके मोठे चित्र मी काढले नव्हते. त्या चित्रात मग मुली धावू लागल्या, आणि ज्याचे चित्र हलू लागते तो चित्रकार तिथून हलत नाही.

हा खेळही एका मास्तरानेच शोधला, ही गोष्ट मला फार आवडते. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नैस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच या फळाच्या टोपल्या ठोकल्या आणि पोरांना सांगितले, टाका चेंडू. टोपलीला बूड होते, त्यामुळे दर वेळी कुणीतरी वर चढून चेंडू काढायचा. पुढे बूड गेले आणि खेळाला वेग आला. टोपलीची ती दहा फुटांची उंची मात्र आजही तीच आहे. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो खेळ आपल्या मुलींना शिकवला. मुलींना दगदग सोसणार नाही म्हणून मैदानाचे तीन भाग केले आणि आपला भाग ओलांडायचा नाही असा नियम घातला. १८९६ साली स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला, तेव्हा प्रेक्षकांतही पुरुषांना मज्जाव होता. स्टॅनफर्ड जिंकले. गुणसंख्या किती असेल? दोन विरुद्ध एक! पण त्या दोन-एकावर हसू नये. ज्यांना घराचा उंबरठा ओलांडायला शंभर सबबी सांगाव्या लागत, त्यांनी सामना खेळला हाच मोठा गुण.

आमच्या भागाला उंबरठा ओलांडायला अंमळ उशीरच झाला. निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली. मराठवाडा विद्यापीठ आले १९५८ मध्ये, आणि लातूरचे दयानंद कॉलेज १९६१ मध्ये. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वेगळे विद्यापीठ झाले. स्वामीजी स्वतः हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर होते, हे जाता जाता सांगतो. आम्हां मास्तरांना तेवढाच आधार. आज तालुक्यातालुक्याला कॉलेज आहे. लातूरने तर अभ्यासाचा असा पॅटर्न बसवला की महाराष्ट्रभरातून पोरे तिथे येऊन खोल्या घेऊन राहतात. पहाटे पाचला दिवे लागतात ते पुस्तकांसाठी. मैदानासाठी दिवा लावणारी मुलगी तिथेही विरळा आणि इथेही विरळा. त्यात आमची माती कबड्डी-खो-खोची. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते. बास्केटबॉलला पेढ्यांचा प्रसंग क्वचित. त्याला सिमेंटचे कोर्ट लागते, आणि जिथे ते असते तिथे वर्षातले निम्मे दिवस मोटारसायकली उभ्या असतात.

आता हंगाम कसा चालतो तो ऐका. आंतरमहाविद्यालयीन सामने होतात. सगळी कॉलेजे यात उतरत नाहीत, संघ थोडेच असतात. पण इथली गंमत अशी की, जिंकलेले कॉलेज पुढे जात नाही. सामने पाहून निवड होते, शिबिर भरते, आणि वेगवेगळ्या कॉलेजांतल्या बारा मुलींचा विद्यापीठाचा एक संघ तयार होतो. तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश अशा मोठमोठ्या मुलुखांची विद्यापीठे असतात. त्यांतले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र. २०२० पासून त्याच्याही पुढे ‘खेलो इंडिया’ची पायरी आली आहे, तिथे देशातले निवडक संघच पोचतात. म्हणजे काल जिने कोपर मारून चेंडू हिसकावला, तिच्याच शेजारी उद्या एका रंगाचा बनियन घालून उभे राहायचे. नांदेड-लातूरचे एरवी कशावरून जमत नसेल, पण इथे जमवावे लागते.

२०२३ साली आमच्या शाळेतली एक मुलगी तालुक्याच्या कॉलेजात गेली आणि मी तिच्या संघामागे लागलो. संघ कसला, सात जणींची टोळी! दोघी कबड्डीतून उसन्या आणलेल्या, एक खो-खोतली. त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले होते. कंडक्टरने मोजले आणि म्हणाला, “सात अर्धी, दोन पूर्ण.” पूर्ण तिकिटाचे दोघे म्हणजे त्यांचे क्रीडाशिक्षक आणि मी. लोहा मागे पडले, अहमदपूर, चाकूर गेले, लातूर आले. तोवर मुलींनी एका पिशवीतली शेंगदाण्याची पोळी संपवली होती आणि अर्धी भीतीही.

समोर शहरातले कॉलेज. त्यांच्या संघात बारा जणी, आमच्या संघात सात. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. या खेळात पाच अपराध झाले की खेळाडू बाहेर जातो आणि परत येत नाही. कबड्डीच्या मुलींना समोरच्याला धरू नये हे सांगून कळते, पण हातांना कळत नाही! तिसऱ्या डावात एक गेली, चौथ्यात दुसरी, आणि पाच मिनिटे उरली असता तिसरी. मला वाटले, आता सामना थांबणार. पंचांनी खेळ चालू ठेवला. नियम असा की, सुरुवातीला पाच जणी हव्यात, पण पुढे संघात खेळण्याजोग्या दोघी आहेत तोवर सामना चालतो. चौघी पाच जणींशी खेळल्या. आमची मुलगी एकटी खालपासून वरपर्यंत धावत होती. हरल्या, चांगल्या चोवीस गुणांनी हरल्या. पण निवड करणाऱ्यांनी तिचे नाव लिहून घेतले. जिंकणाऱ्या संघातल्या सहा जणी घरी गेल्या आणि हरणाऱ्या संघातली एक निवड चाचणीला गेली. हा न्याय मला कुठल्याच कादंबरीत इतका सरळ करता आला नसता.

मग कागदांचा दिवस आला. पात्रतेचा अर्ज म्हणजे काय असते हे ज्याने भरला त्यालाच ठाऊक. वय मर्यादेत आहे का? बारावी होऊन किती वर्षे झाली? प्रवेश नियमित आहे ना? कुठे पूर्ण वेळ नोकरी नाही ना? फोटो, सह्या, शिक्के. हे सारे हवेच. नाहीतर कॉलेजशी ज्यांचा संबंध उरला नाही असे मुरलेले खेळाडू उतरवून करंडक नेणारे कमी नाहीत. वयाचा पुरावा म्हणून दहावीचे प्रमाणपत्र मागतात. माझ्याजवळ आयुष्यात तेवढा एकच कागद, त्याची तिथे एवढी प्रतिष्ठा पाहून मला भरून आले. मुलीच्या प्रमाणपत्रावर तिच्या नावाची वेलांटी ऱ्हस्व आणि कॉलेजच्या दप्तरात दीर्घ. त्या एका वेलांटीपायी दोन दिवस हेलपाटे झाले. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करू नका, असे मी वर्गात घसा फोडून सांगतो ते उगीच नव्हे.

ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, अर्ज पात्र ठरला. पण पात्रतेचा आणखी एक अर्ज असतो. त्याला फोटो नाही, शिक्का नाही. तो घरच्या ओसरीवर भरावा लागतो.

शिबिर आले ते नेमके दिवाळीत आणि स्पर्धा राजस्थानात. मुलीचे वडील मला म्हणाले, “गुर्जी, लातूरपतुर ठीक हाय. पर तिकडं? भावकीला काय सांगू?” यात त्यांचा दोष मी मानत नाही. परगावी पाठवलेल्या मुलीबद्दल भावकी जे बोलते ते बापालाच गिळावे लागते. आई गप्प उभी. तेवढ्यात कोपऱ्यातून आजीने प्रश्न केले, विद्यापीठाच्या अर्जालाही सुचले नसते असे. “बाई मानूस संगं हाय का? निजायला दार हाय का? दाराला कडी हाय का?” तिन्ही उत्तरे ‘होय’ आली. आजी म्हणाली, “मंग जाऊ द्या. म्या पंढरपूर सोडून कुटं गेले न्हाई. तिनं तर बघू द्या.” पात्र! कुठल्याही कुलगुरूच्या सहीला इतके वजन मी पाहिलेले नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मी शिबिरात करंज्या-चिवड्याचा डबा पोचवला. तिथे बारा घरांचे बारा डबे उघडले होते. लातूरच्या मुलीच्या डब्यातली शंकरपाळी नांदेडची खात होती, परभणीच्या चकल्या हिंगोलीची. सकाळी कोर्टवर एकमेकींना ढकलणाऱ्या मुली दुपारी कुणाच्या आईचा हात चांगला यावर हुज्जत घालत होत्या. हुजूर साहिब नांदेड स्टेशनावर गाडी सुटली तेव्हा वडील आले होते. बोलले काही नाहीत. पाण्याची बाटली भरून दिली, पुन्हा उतरून दुसरी भरली. संघ राजस्थानात पहिल्याच सामन्यात हरला आणि चौथ्या दिवशी परत आला. वहीत मी ती गुणसंख्या लिहिली आहे, दिवाळीच्या अंकात कशाला लिहू?

लोक विचारतात, असे हरायला एवढ्या लांब जायचे कशाला? अशा वेळी मी त्यांना इमॅक्युलाटा कॉलेजची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले ते मुलींचे लहानसे कॉलेज, नन चालवीत असत. १९६७ साली त्यांची व्यायामशाळा जळून गेली. १९७२ मध्ये कॉलेजांतल्या मुलींच्या नव्या राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता-फेरी झाली, तिच्या अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टरने त्यांना ३२ गुणांनी लोळवले. पण उपविजेत्यालाही पुढे जाण्याची मुभा होती. प्रवासाला पैसे नाहीत म्हणून मुलींनी दात घासायचे ब्रश विकले. तरी आठ जणींपुरतीच सोय झाली. सोळा संघांत त्यांची क्रमवारी पंधरावी! आणि अंतिम सामन्यात समोर कोण? तेच वेस्ट चेस्टर. इमॅक्युलाटा ५२-४८ ने जिंकले, आणि पुढली दोन वर्षेही तेच विजेते ठरले. त्यांच्या सामन्यांना बादल्या बडवून आरडाओरड होई, त्यांत नन सर्वांत पुढे. त्या वर्षी ‘विजेत्यालाच प्रवेश’ असा नियम असता तर हे नाव कुणाच्या कानी पडते का? दरवाजा वीतभर रुंद ठेवला की त्यातून काय आत येईल हे आधी सांगता येत नाही.

आमच्याकडे हा दरवाजा मैदानावर रुंद आहे, घरी अरुंद. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली; परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ निघाला. म्हणजे निम्म्या मुलींचा हंगाम कॉलेजचे दार दिसण्यापूर्वीच संपला. ज्या कॉलेजात पोचतात त्यांच्यासाठी विद्यापीठाचे नियम कित्येक वर्षांची मुदत देतात, पण ही मुदत कापायला लग्नाची एक तिथी पुरते. माझ्या वहीत अशी बरीच नावे आहेत. पहिल्या वर्षी तळपलेली, दुसऱ्या वर्षी गळालेली. विद्यापीठाने त्यांतल्या एकीलाही अपात्र ठरवलेले नाही.

आमच्या मुलीचेही दुसऱ्या वर्षाची परीक्षा होताच लग्न ठरले. अक्षता टाकताना मी मनातल्या मनात तिच्या नावापुढे रेघ ओढली. नवरा अहमदपूरकडचा, वागायला सरळ. जूनमध्ये तिने तिसऱ्या वर्षाला नाव घातले. तरी मला वाटले, परीक्षेपुरती येईल. पण सामन्याच्या दिवशी पाहतो तो ती बाकावर बूट बांधत बसलेली, आणि शेजारी नऊवारीतली एक बाई. ती तिची सासू.

अडचण निराळीच निघाली. या खेळात अंगावर दागिना चालत नाही. बांगडी लागते, साखळीत बोट अडकते, म्हणून नियमच तसा. पंचांनी गळ्याकडे बोट दाखवले. सुवासिनीने मंगळसूत्र काढायचे, तेही चारचौघांत! मुलीने सासूकडे पाहिले. आमचे क्रीडाशिक्षक बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. सासू उठली. “खेळापुरतंच ना?” तिने पंचांना विचारले. “खेळापुरतंच, मावशी.” तिने स्वतःच्या हाताने मंगळसूत्र काढले, बांगड्या उतरवल्या, कमरेच्या बटव्यात ठेवले, आणि तो बटवा मांडीवर घेऊन चारही डाव बसून राहिली. सून धावत होती तसतशी बटव्यावरची तिची मूठ आवळत होती. शेवटच्या मिनिटाला चेंडू रिंगेवर दोनदा आपटून बाहेर पडला, तेव्हा “अग्गं!” असे ओरडली ती सासूच.

तीन गुणांनी सामना गेला. निवड यादीत त्या वर्षी आमच्या मुलीचे नाव बारांत आले नाही, राखीवांत आले. राखीव म्हणजे कुणी आजारी पडली तर जायचे. कुणी आजारी पडली नाही. मंगळसूत्र परत गळ्यात घालून दोघी एसटीत बसल्या. अर्धी तिकिटे घेतली. सासू सुनेला विचारीत होती, तो लांबचा कंस कशासाठी असतो, आणि त्याच्या बाहेरून टाकला तर एक गुण जास्त का.

पुष्कळ दिवसांनी मला प्रश्न पडला की मी या वहीत नेमके टिपतो तरी काय? विजेत्यांची नोंद विद्यापीठ ठेवतेच. माझ्या वहीत हरलेल्यांच्याच नोंदी अधिक. पण त्यांच्याशेजारी आता मी एक नवा रकाना पाडला आहे: सामन्याला घरून कोण आले होते? पहिल्या वर्षाचा तो रकाना मी आठवून भरू पाहिला. रिकामा राहिला. गेल्या हंगामात त्यात अकरा माणसे आहेत. दोन आया, एक आजोबा, एक सासू, बाकी भाऊ. पश्चिम विभागातून पहिल्या चारांत आमचे विद्यापीठ केव्हा येईल ते येवो. हा रकाना भरत गेला तर तो दिवसही फार दूर नाही, असा माझा चित्रकलेच्या मास्तराचा अडाणी हिशेब आहे.

वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून एवढे वाचलेत, तर आणखी थोडी तसदी घ्या. दिवाळीच्या आगेमागे तुमच्या गावच्या कॉलेजात मुलींचा कसला तरी सामना असेलच. बास्केटबॉल नसेल तर कबड्डी, कबड्डी नसेल तर खो-खो. तिकीट नसते. बसायला पायऱ्या असतात, नसल्या तर चपला काढून त्यांवर बसावे. नियम कळले नाहीत तरी चालते. शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी आईलाही ते कळत नसतात. टाळी वाजवायला मात्र कुणाच्या शिफारशीची गरज नाही. त्या कामाला आपण सारेच पात्र आहोत.